पाइपलाइनमधली रिकामी जागा: अमेरिकेसारखी विकायची, युरोपसारखी काढून घ्यायची की ऑस्ट्रेलियासारखी लिलावात काढायची?

माझा मेहुणा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं युनिट चालवतो, दोन फर्नेस, बारा-पंधरा माणसं. मागच्या रविवारी जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्याच म्हणाला, दाजी, आमच्या उद्योजकांच्या ग्रुपमध्ये ठरलंय की गॅस पाइपलाइनच्या कपॅसिटी ट्रेडिंगवर रेग्युलेटरला पत्र द्यायचं, पण मागायचं काय ह्यावरच भांडणं चाललीत, एक म्हणतो अमेरिकेसारखं करा, दुसरा म्हणतो युरोप, तुम्ही ह्या लायनीत होतात ना, सांगा. तेव्हा तोंडी जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न फक्त त्याच्या ग्रुपचा नाहीये, सातपूर, सिन्नर, गोंदे सगळीकडे तोच.

आधी विषय काय ते. पाइपलाइनची कपॅसिटी म्हणजे गॅस नव्हे, गॅस न्यायची जागा. मोठी कंपनी वर्षानुवर्षांसाठी ही जागा बुक करते, तिला शिपर म्हणतात, आणि जागा वापरली काय नि नाही वापरली काय, भाडं भरावंच लागतं, शिप-ऑर-पे. आता एखाद्या दिवशी तिचा प्लँट बंद, जागा रिकामी. ती दुसऱ्याला देता आली तर सेकंडरी ट्रेडिंग. ठक्कर बाजारला एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच समजा. रुमालवाला चढलाच नाही तर त्या सीटचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे, बाकी सगळी कागदपत्रं.

अमेरिकेत उत्तर असं की रुमालवाल्यानेच सीट विकायची. १९९२ साली तिकडच्या फेडरल रेग्युलेटरने, फर्कने, ऑर्डर ६३६ काढली, त्यात पाइपलाइन कंपन्यांना गॅस विकण्याचा धंदा आणि गॅस वाहण्याचा धंदा वेगळा करायला लावला आणि त्याच ऑर्डरमध्ये कपॅसिटी रिलीज आलं. ज्याच्याकडे जागा आहे तो ती बोर्डावर टाकतो, दुसरा घेतो, पैसे मूळ शिपरच्या बिलातून वजा होतात. पण घेणाऱ्याने बुडवलं तर भाड्याची जबाबदारी मूळ शिपरचीच राहते, म्हणून तो घेणाऱ्याची पत बघूनच देणार. शिवाय परत बोलवायची अटही घालता येते, म्हणजे थंडी वाढली की माझी जागा मला परत दे. आणखी एक कडक नियम, पाइपमधून जो गॅस चाललाय तो ज्याच्या नावावर जागा आहे त्याच्याच मालकीचा पाहिजे, दुसऱ्याचा गॅस आपल्या जागेतून चोरून न्यायचा नाही.

ह्यात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे भावाची कॅप. सुरुवातीला नियम होता की रिलीज केलेल्या जागेचा भाव मूळ टॅरिफच्या, म्हणजे रेग्युलेटरने ठरवलेल्या भाड्याच्या, वर नेता येणार नाही. ऐकायला छान. पण कडाक्याच्या थंडीत त्या जागेची खरी किंमत टॅरिफच्या कितीतरी पट होते, मग शहाणा शिपर जागा विकतच नाही, तो स्वतः गॅस घेतो, स्वतःच्या जागेतून शहराच्या दारापर्यंत नेतो आणि तिथे गॅस नि भाडं एकत्र करून बाजारभावाने विकतो. कॅप कागदावर शाबूत, पैसे खिशात, आणि कोणत्या दिवशी जागेला खरा भाव काय आला ते कुणालाच दिसत नाही. म्हणजे कॅप लावली आणि टोपी घालणारे वाढले. म्हणून २००० च्या ऑर्डर ६३७ ने एक वर्षाच्या आतल्या रिलीजवरची कॅप सप्टेंबर २००२ पर्यंत तात्पुरती उठवली, आणि नेमकं त्याच काळात २००० च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सीमेवर गॅसचे भाव आकाशाला भिडले, त्यामुळे बरीच वर्षं हा विषय काढला की लोक अंगावर यायचे. शेवटी २००८ च्या ऑर्डर ७१२ ने कॅप कायमची काढली, पण फक्त शिपर-शिपरमधल्या एक वर्षापर्यंतच्या व्यवहारांना, पाइपलाइन कंपनी स्वतः विकते तेव्हा तिला कमाल टॅरिफ आहेच. हा फरक ग्रुपमधल्या अमेरिकावाल्यांनी लक्षात ठेवायचा.

युरोपवर फार वेळ घालवत नाही. तिथे पाइप असा मोजतच नाहीत, गॅस कुठून आत आला आणि कुठून बाहेर गेला एवढंच बघतात. २०१३ पासून प्रिस्मा नावाच्या प्लॅटफॉर्मवर कपॅसिटीचे लिलाव होतात, दुय्यम खरेदी-विक्रीही तिथे होते, आणि वर गर्दी हटवायचे चार उपाय, त्यातले दोन महत्त्वाचे: वापरत नसशील तर काढून घेऊ, आणि विमानवाल्यांसारखं जागेपेक्षा जास्त विकू, सगळे आलेच तर पैसे देऊन कुणालातरी मागे हटवू. हे चालवायला पाइपलाइन चालवणारा गॅसच्या धंद्यापासून पूर्ण वेगळा लागतो. आपल्याकडे तो नाही, त्यामुळे युरोपवाल्यांना सध्या हात जोडून नमस्कार.

ऑस्ट्रेलिया मात्र नीट बघा. पूर्व किनाऱ्यावरच्या पाइपलाइनसाठी १ मार्च २०१९ ला तिथे दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या, दोन्ही तिकडच्या मार्केट ऑपरेटरकडे, एइएमओकडे. एक, ज्याला जागा विकायची असेल त्याने खुशीने विकायचा प्लॅटफॉर्म. दोन, रोजचा लिलाव: उद्यासाठी बुक आहे पण ज्यावर नॉमिनेशन, म्हणजे उद्या एवढा गॅस नेणार अशी आगाऊ सूचना, टाकलेलं नाही ती सगळी जागा आपोआप लिलावात, मालकाची मर्जी विचारायचीच नाही, आणि किमान बोली शून्य. आता गंमत अशी की खुशीच्या प्लॅटफॉर्मवर नगण्य सौदे झाले, आणि सक्तीचा लिलाव तुफान चालला, त्यातली कितीतरी जागा शून्य किंवा शून्याच्या आसपास गेली. का, तर ज्याच्याकडे जागा आहे त्याचा फायदा ती विकण्यात नसतो, प्रतिस्पर्धी आत येऊ न देण्यात असतो. लिलावाचे पैसेही त्याला मिळत नाहीत, पाइपलाइन चालवणाऱ्याला जातात, म्हणजे पैसे हवे असतील तर आधीच विक बाबा, शेवटपर्यंत दाबून ठेवलीस तर फुकट जाईल.

शून्य बोली ऐकून मेहुणा हसायला लागला, म्हणे फुकट कोण देतं. मी म्हटलं पंचवटीच्या मार्केटात संध्याकाळी उशिरा जाऊन कोथिंबिरीची जुडी बघ काय भावाने जाते ते, सकाळी ज्या जुडीला वीस रुपये मागत होते ती दोन रुपयाला घ्या म्हणतात, न्यायचं भाडंही निघत नाही म्हणून कधी कधी तिथेच टाकून जातात. उद्याच्या दिवसाची पाइपलाइनमधली जागा तशीच, आपल्याकडे गॅसचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६, ते सहा वाजले की कालच्या जागेची किंमत शून्य, ती फ्रीजमध्ये ठेवता येत नाही.

आता आपल्याकडे काय आहे. आपला रेग्युलेटर पीएनजीआरबी, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, त्याचा कायदा २००६ चा, पाइपलाइनच्या ॲक्सेस कोडचे, म्हणजे दुसऱ्याला पाइप कसा वापरू द्यायचा त्याचे, नियम २००८ चे. पाइपलाइनच्या एकूण कपॅसिटीचा साधारण चौथा हिस्सा कॉमन कॅरियर म्हणून एक वर्षाच्या आतल्या बुकिंगला सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा असतो. जून २०२० ला इंडियन गॅस एक्स्चेंज सुरू झालं, तिथे गॅस मिळतो, दहेज, हजिरासारख्या डिलिव्हरी पॉइंटला, पण तिथून आपल्या दारापर्यंत आणायची जागा ज्याची त्याने बघायची. म्हणजे गॅस स्वस्तात मिळाला तरी न्यायला गाडी नाही असं होऊ शकतं. त्यात पाइपलाइनचं सगळ्यात मोठं जाळं गेल ह्या सरकारी कंपनीचं, आणि गेल गॅस विकतेसुद्धा. अमेरिकेने विकणारा आणि वाहणारा ह्यांची फारकत आणि रिलीज एकाच ऑर्डरमध्ये केली हे मी मुद्दाम वर लिहिलं, कारण आपल्याकडे फारकतीची चर्चा किती वर्षं नुसती चाललीये आणि लोक डायरेक्ट प्लॅटफॉर्मवर उडी मारतात.

दुसरा फरक त्याहून मोठा. अमेरिकेत कॅपची मारामारी झाली कारण तिथे हिवाळ्यात पाइप गच्च भरतात. आपल्याकडे पुष्कळ पाइप रिकामे धावतात. काकीनाडा ते भरूच ही मोठी लाइन २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या गॅसवर सुरू झाली, दिवसाला ८० दशलक्ष घनमीटरच्या हिशोबाने बांधली, मग त्या खोऱ्याचं उत्पादनच कोसळलं आणि पाइप बरीच वर्षं बराचसा मोकळा राहिला. अशा ठिकाणी कॅप असली काय नसली काय, भाव चढणारच नाही. आपली अडचण जहाजाने आलेला गॅस उतरवणाऱ्या मोजक्या टर्मिनलजवळच्या आणि जोडणीच्या तुकड्यांची आहे, जिथे कागदावर सगळं बुक आणि प्रत्यक्षात किती वाहतंय ते बाहेरच्याला रोजच्या रोज कळायची सोय नाही.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून युनिफाइड टॅरिफ, अंतराचे झोन पाडून झोनला एकच दर. ग्राहक म्हणून मला ते बरं वाटलं, लांबच्या माणसाला प्रत्येक पाइपचं वेगळं भाडं एकावर एक भरावं लागत नाही. पण ट्रेडिंगला तो अडथळाच आहे, कारण माझ्या बुकिंगमधला फक्त मधला तुकडा तुला दिला तर त्याची किंमत काय धरायची, दर तर झोनचा आहे. अमेरिकेत तुकडे पाडून विकता येतात, कारण तिथे प्रत्येक पाइपलाइनचं आपलं वेगळं टॅरिफ आहे. हा मुद्दा पत्रात टाकाच.

आता नाशिकचं. समृद्धीच्या कडेने मुंबई-नागपूर गॅस पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातून गेली आणि लोकांना वाटलं आता आपणच एक्स्चेंजवर गॅस घेऊ. भो, थांबा जरा. शहर गॅस वितरणाच्या नियमाप्रमाणे दिवसाला ५०,००० घनमीटरपर्यंतचा ग्राहक हा शहरातल्या परवानाधारक कंपनीचा, त्याने तिच्या जाळ्यातूनच घ्यायचा. ५०,००० ते १ लाखवाल्याला दोन्ही रस्ते मोकळे, त्याच्या वरचा थेट मोठ्या पाइपवर. माझ्या मेहुण्याचा खप ह्याच्या जवळपास पण नाही. म्हणजे कपॅसिटी ट्रेडिंग उद्या सुरू झालं तरी तो स्वतः एक घनमीटर जागा विकत घेणार नाही, त्याचा फायदा फक्त वितरण कंपनीमार्फत, आणि तोही तिने बिलात दाखवला तरच.

बिलाचं त्याने दाखवलंच. दिवाळीत आठ दिवस फर्नेस थंड, माणसं गावी, आणि बिलात मिनिमम ऑफटेकची ओळ जशीच्या तशी, न जाळलेल्या गॅसचे पैसे. पुरवठादाराचं नाव इथे घेत नाही, कारण त्याचंही वर कुणाशीतरी असंच बांधलेलं असणार. पण बघा, तो आठ दिवसांचा रुमाल मेहुण्याचाच होता, पैसे त्यानेच भरले, आणि ती सीट पुढे कुणाला दिली की रिकामी गेली हे त्याला कधी कळणारच नाही.

म्हणून माझं मत, ज्याला पटेल त्याने घ्यावं. पत्रात पहिली मागणी प्लॅटफॉर्मची नको, माहितीची करा: प्रत्येक मोठ्या एंट्री आणि एक्झिट पॉइंटला किती बुक, किती नॉमिनेट, किती वाहिलं, रोज, सगळ्यांना दिसेल असं. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर न वापरलेल्या जागेचा सक्तीचा आदल्या दिवशीचा लिलाव, फक्त बोली शून्यापासून नको, गॅस ढकलणाऱ्या कंप्रेसरचा खर्च तरी निघेल एवढी ठेवा, आणि नव्या पाइपलाइनला सुरुवातीची काही वर्षं वगळा, नाहीतर लोक म्हणतील उद्या फुकट मिळणारच आहे तर आज दहा वर्षांचं बुकिंग कशाला, आणि मग मुंबई-नागपूरसारखी पुढची लाइन टाकणार कोण. अमेरिकेसारखं खुशीचं रिलीज बरोबरीने चालू द्या, ज्याची पत आहे तो वापरेल. कॅपवर भांडत बसू नका, ५०,००० च्या खालच्यांनी तर मुळीच नको. त्याऐवजी एवढं मागा की वितरण कंपनीने रिकामी जागा विकून जे कमावलं त्यातला वाटा मिनिमम ऑफटेक भरणाऱ्याच्या बिलात वजा होऊन दिसला पाहिजे.

मेहुणा म्हणाला हे शेवटचं आधी लिहू का. लिही म्हटलं, आणि दिवाळीच्या महिन्याचं ते बिल जोड पत्राला, कंपनीचं नाव आणि ग्राहक क्रमांक खोडून.