डीए पॉलिशर: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

काळ्या गाडीच्या रंगावरचे ओरखडे काढायला पॉलिशिंग मशीन लावायची भीती वाटत असेल, तर रोटरी प्रकारच्या मशीनच्या बाबतीत ती रास्त आहे. डीएच्या बाबतीत बरीचशी अनाठायी. रोटरीचं पॅड एकाच अक्षाभोवती जोरात फिरतं, एका जागी उष्णता साठते, आणि कडेवर जरा जास्त रेंगाळलं की क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जातो. डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचं पॅड फिरता फिरता छोट्या वर्तुळात हलतही असतं. जास्त दाबलं की फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. नवख्या हातासाठी एवढं पुरेसं संरक्षण आहे. मी १५ मिमी थ्रो (पॅड हलतं त्या वर्तुळाचा व्यास) आणि ५ इंची बॅकिंग प्लेटचं (पॅड चिकटतं ती चकती) मशीन घेतलं.

आमची सोसायटी पुण्यात वाघोलीला. पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं, म्हणजे जड. उन्हात ते थेंब वाळले की क्षारांचे पांढरे डाग उमटतात. त्यात रोज सकाळी धुळीवरूनच फडकं फिरतं. गाडी पुसणाऱ्या दादाला एका बादलीत सगळं पार्किंग उरकायचं असतं, त्याला काय बोलणार! पण कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे सूर्यप्रकाशात दिसतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा याच कोरड्या पुसण्यात असतं.

मशीन चालवण्यापेक्षा तयारीला जास्त वेळ लागतो, आणि लागू द्यावा. आधी शाम्पूने धुणं, मग रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं आयर्न रिमूव्हर, मग भरपूर ल्युब्रिकंट मारून क्ले, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवली की धुतलेल्या रंगावरही खरखर जाणवते, तेवढी सगळी क्लेने निघायला हवी. क्षारांच्या डागांवर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर थोडा वेळ लावून धुतलं की वरचा थर विरघळतो. खाली रंगात खड्डा पडला असेल तरच पॉलिशचं काम. काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर मास्किंग टेप लावाच, नाहीतर कंपाउंडचे (जास्त खरखरीत पॉलिशचे) पांढरे ओघळ खाचांमधून काढत बसावं लागतं. टेप आणि पॅड साफ करायचे ब्रश मी बोहरी आळीच्या बाजारातून आणले.

काम बेसमेंटमध्येच केलं. एप्रिलच्या पुण्यात उघड्यावरचा पत्रा इतका तापतो की पॉलिश पसरायच्या आत वाळतं. मात्र बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसतच नाहीत. चांगला एलईडी टॉर्च तिरका धरला की सगळं उघडं पडतं. मशीनइतकाच हा टॉर्च महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे.

मग टेस्ट स्पॉट. बॉनेटवर दीड फूट चौरस जागा घेऊन आधी सर्वांत सौम्य जोडी, म्हणजे मऊ फोम आणि बारीक पॉलिश, वापरून बघायची. पुरलं नाही तरच पुढची पायरी. माझ्या गाडीला मध्यम पॅड लागलं, कंपाउंडची गरज पडली नाही. मशीन चौथ्या स्पीडवर, हात अगदी सावकाश, साधारण सेकंदाला एक इंच, आधी आडवा मग उभा. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा: ती फिरताना दिसली पाहिजे. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करायचं आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच निकाल बघायचा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते झाकतं.

नखाला लागणारे ओरखडे मी सोडून दिले. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, उन्हापासून रंगाला तोच वाचवतो, आणि घासला की परत येत नाही. वडिलांच्या पांढऱ्या हॅचबॅकवर तर बंपरला आणखी जपलं: प्लॅस्टिक पत्र्यासारखी उष्णता पसरू देत नाही आणि साध्या गेजने त्यावरची जाडी मोजताही येत नाही. दाराच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावदार रेषांवर टेप लावून त्या वगळल्या.

मशीन आजही तसंच चालतंय. पॅडचं वेल्क्रो मात्र उष्णतेने सैल पडलं. एका गाडीला पाच-सहा पॅड हवीतच, बजेट ठरवताना ती धरा. दीर्घ वेळ चालवल्यावर तळहाताला मुंग्या येतात, जाड हातमोज्याने फरक पडतो. वायर आखूड आहे, एक्स्टेन्शन खांद्यावरून घ्या म्हणजे रंगाला घासणार नाही.

पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि काळ्या रंगात पार्किंगचे दिवे अजून स्वच्छ उमटतात. हँडलखाली थोडे बारीक ओरखडे परत आलेत. दादाला आता फक्त काचा आणि चाकं सांगितली आहेत, बाकीची गाडी मी रविवारी दोन बादल्यांनी धुतो आणि मायक्रोफायबरने टिपतो. हे जमणार नसेल तर मशीन घेऊ नका, गाडी पॉलिश करून देणाऱ्या चांगल्या डिटेलरकडे जा. त्याला आधी टेस्ट स्पॉट दाखवायला सांगा आणि पॉलिशनंतर अल्कोहोलने पुसून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात मी फक्त मऊ पॅडने हलका हात फिरवणार आहे, तोही हँडलखालीच.