गोठ्याला कमान की कैची?

वीस फूट रुंदीचा गोठा किंवा कापूस-कडब्याची शेड उभारायची म्हटली की दोन नमुने पुढे येतात. एक, रोलरवर गोल केलेल्या पाइपची कमान. दुसरा, सरळ पाइपांची त्रिकोणी कैची. कमान देखणी, जोड कमी, डोक्यावर आडवा पाइप नाही. मन तिकडेच ओढ घेते. पण आधी पायाखालची माती बघा.

कमानीवर सारखे ओझे आले की पाइप फारसा वाकत नाही, दाबला जातो. म्हणून हलका पाइपही मोठा गाळा, म्हणजे दोन पायांमधले अंतर, पेलतो. मात्र तोच दाब दोन्ही पाय बाहेर रेटतो. वीस फुटांच्या गाळ्यात कमानीची उंची पाच फूट असेल, तर पायावर जितके वजन खाली येते, साधारण तितकाच रेटा बाहेर जातो. उंची अडीच फूट केली की रेटा दुप्पट. आता यवतमाळ-वर्ध्याकडची काळी माती आठवा: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पाय सरकले की कमान पसरते आणि पाइप वाकू लागतो. कैचीत हा रेटा खालचा आडवा पाइपच ओढून धरतो, खांबावर येते ते सरळ वजन.

वारा एका अंगाने येतो. तेव्हा कमानीची एक बाजू दबते, दुसरी फुगते. नागपूरसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. एवढ्या वाऱ्यात टिनाचे छप्पर वर खेचले जाते, त्यामुळे नमुना कोणताही असो, पायातले बोल्ट आणि काँक्रीट यांत काटकसर नको.

कमानीचा पाइप घेताना वळणाच्या आतल्या अंगावरून बोट फिरवा. लाटा लागल्या किंवा पाइप चपटा झाला असेल तर सरळ परत करा. चपटा पाइप लवकर मुडपतो. मोठ्या गोलाईत ही अडचण सहसा येत नाही, आवळून काढलेल्या वळणात येते.

माझं मत स्पष्ट आहे: काळ्या मातीत टिनाच्या गोठ्याला कैचीच करा. गावातला वेल्डर ती दुरुस्तही करतो. कमानच हवी असेल तर पाया मुरमापर्यंत न्या आणि दोन्ही पाय जमिनीखालून सळईच्या काँक्रीट पट्ट्याने बांधा. पॉलिहाऊसला मात्र कमान बरी, कारण तिथे ओझे हलके आणि प्लास्टिक फाडणारे कोपरे नसतात.