घराच्या चावीला ब्लूटूथ टॅग: साताऱ्यातल्या जुन्या घरात कितपत उपयोगाचा?

हा टॅग म्हणजे चावीला अडकवायचं एक छोटं यंत्र, फोनवरून शोधता येतं. तो घ्यायच्या आधी मी बरेच रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ पण बघितले, पण ते सगळे फ्लॅटमधे एकटं-दुकटं राहणाऱ्यांचे, म्हणजे माझी चावी, माझा फोन, माझा टॅग असा हिशोब. आमच्यासारख्या घरात तसं नसतं हो. मंगळवार पेठेतलं जुनं घर, पुढं जाड लाकडी दार, त्याला कडी-कोयंडा आणि लिव्हरचं वजनदार कुलूप. घरात माणसं पाच आणि चाव्या दोन. सकाळी हे एमआयडीसीत जातात, लेक कॉलेजला, मी राजपथावर कामाला, सासूबाई देवळात नाहीतर मंडईत, आणि भाऊजींचं गावाला जाणं-येणं चालूच. आता शेवटी कोण बाहेर पडलं आणि पहिलं कोण येणार हे रोज वेगळं. आमच्याकडे चावी हरवत नाही, चावी कोणाकडे आहे तेच कळत नाही. म्हणून हा रिव्ह्यू अशा घरांसाठी.

मी घेतला तो अँड्रॉइडवर चालणारा, गुगलच्या फाइंड हबला (वस्तू शोधायचं ॲप) जोडायचा टॅग, दीड हजाराच्या आत मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे बरं-वाईट सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक टॅगना लागू आहे. घरात सगळे फोन अँड्रॉइड म्हणून हा. आयफोनवाल्यांनी ॲपलच्या फाइंड मायवर चालणारा घ्यायचा, उदाहरणार्थ एअरटॅग, जो २०२१ ला आला. बॉक्सवर नीट वाचून घ्या कारण अँड्रॉइडचा टॅग आयफोनला आणि आयफोनचा अँड्रॉइडला चालत नाही, आणि काही टॅग दोन्हीकडे चालतात असं लिहिलेलं असतं ते पण एका वेळी एकाच बाजूला जोडता येतात.

आधी एक गैरसमज काढते, कारण आमच्या ऑफिसात निम्म्या जणांना हेच वाटत होतं. या टॅगमधे जीपीएस नसतं, सिमकार्ड पण नसतं. तो फक्त ब्लूटूथचा बारीक सिग्नल सोडत राहतो. फोन जवळ असला तर तुम्ही बटन दाबून त्याला वाजवू शकता. लांब असला तर त्याच्या जवळून ज्यांचे फोन जातात ते फोन त्याची जागा गुपचूप कळवतात, त्या माणसाला काही कळत नाही आणि ती माहिती एन्क्रिप्टेड असते म्हणून दुसऱ्या कोणाला वाचता पण येत नाही. गुगलचं हे नेटवर्क २०२४ ला सुरू झालं, तेव्हा नाव फाइंड माय डिव्हाइस होतं, २०२५ ला फाइंड हब केलं. म्हणजे कसंय, टॅग किती चांगला यापेक्षा तुमच्या आजूबाजूला किती फोन फिरतात यावर सगळं. पोवई नाक्यावर चावी पडली तर मॅपवर जागा दिसायला वेळ लागणार नाही. मोती चौकात, स्टँडवर पण तेच. पण साताऱ्यात बोगद्याच्या पलीकडे, म्हणजे शहर संपून खेड्यांकडे गेलं की गोष्ट बदलते, ते पुढं सांगते.

घरातल्या घरात शोधायला टॅग मस्त आहे, याला पूर्ण मार्क. सासूबाई मंडईतून आल्या, दार उघडलं आणि चावी सरळ भाजीच्या पिशवीत टाकली. दुपारी लेकीला क्लासला जायचं तर चावी कुठंच नाही. टॅग वाजवला तर आवाज येतोय पण कुठून ते कळेना, एकदम दबलेला, कारण चावी होती मेथीच्या जुडीखाली, त्यावर ओलं फडकं, आणि पिशवी मोरीजवळ टेकवून ठेवलेली. पण सापडली. एरवी अशा वेळी सगळं घर पालथं घालायचं आणि वर एकमेकांवर चिडचिड. सासूबाईंना तो आवाज इतका आवडला की आता त्या स्वतःच लेकीला सांगतात, "अगं ती टिंगटिंग वाजव जरा."

आवाजाचं मात्र बघून घ्या. पंखा चालू असला, टीव्ही चालू असला की लहान टॅगचा आवाज मागं पडतो. आणि जुन्या घराच्या भिंती! आमच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड. ओसरीवर चावी असली आणि मी मागं परसात उभी राहून फोन बघितला तर फोनला टॅग सापडतच नाही, माजघरात आलं की लगेच सापडतो. पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्यांनी बॉक्सवर छापलेल्या अंतराकडे बघूच नका, ते मोकळ्या मैदानातलं असतं. प्रत्येक खोलीत जाऊन एकेकदा बटन दाबायचं, मिळतो.

आता बोगद्याची गोष्ट. आमचं गाव परळी खोऱ्यात, भाऊजी शनिवारी तिकडं गेले आणि शहरातल्या घराची चावी खिशात घेऊन गेले. इकडं आम्ही दाराशी. मी फाइंड हब उघडून बघते तर जागा दाखवतंय बोगद्याच्या अलीकडची, ती पण सकाळची. यांना वाटलं चावी रस्त्यात पडली, हे गाडी घेऊन निघाले पण शोधायला. तेवढ्यात भाऊजींचाच फोन, आवाज घाबरलेला, "वहिनी, माझ्या मोबाईलवर आलंय की अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय, कोण माझ्यावर पाळत ठेवतंय काय?" मी म्हटलं भाऊजी, त्यात साउंड वाजवा म्हणून असेल ते दाबा. दाबलं आणि त्यांच्याच खिशात चावी वाजली.

यात टॅग बिघडला नव्हता, दोन्ही गोष्टी ठरवून केलेल्या आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. एक, कोणी बाईच्या पर्समधे किंवा गाडीत टॅग लपवून तिचा पाठलाग करू नये म्हणून गुगल आणि ॲपलनी २०२४ च्या मे महिन्यात दोघांच्या फोनवर चालेल अशी सूचना सुरू केली. मालकाचा फोन जवळ नाही आणि टॅग दुसऱ्याच माणसाबरोबर हिंडतोय असं दिसलं की त्या माणसाला मेसेज जातो. मला हे फार आवडलं, लेक बाहेर असते तर अशा गोष्टी असायलाच हव्यात. पण घरातली चावी पाच जणांच्या हातात फिरणार असेल तर टॅग ॲपमधून सगळ्यांना शेअर करा, पहिल्याच दिवशी करा. तशी सोय दोन्हीकडे आहे, आयफोनला आयओएस १७ पासून अजून पाच जणांना शेअर करता येतो. आम्ही शेअर केल्यावर भाऊजींना तो मेसेज परत आला नाही, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आता चावी कुठंय ते कोणीही आपल्या फोनवर बघतं, मलाच ऑफिसात फोन येत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कुठल्याच रिव्ह्यूत मला मिळाली नाही. अँड्रॉइडमधे हे नेटवर्क मुळातच फक्त गर्दीच्या जागी चालेल असं सेट करून येतं, म्हणजे एकापेक्षा जास्त फोननी टॅग बघितला तरच जागा कळवायची. शहरात ठीक आहे. पण परळी खोऱ्यात, ठोसेघरच्या रस्त्याला, कासकडे, तुमच्या टॅगजवळ एकच फोन असतो, आणि तो एकटा फोन या सेटिंगमुळे गप्प बसतो. सेटिंगमधे गुगल, त्यात फाइंड हब, त्यात ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय आहे, तिथं 'सगळ्या भागात' असं निवडायचं. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर आम्ही ते केलं आणि गावाकडच्या चुलत्यांच्या फोनवर पण करून दिलं. खेड्यापाड्यात जेवढे लोक हे करतील तेवढं सगळ्यांनाच उपयोगी पडेल, म्हणून कळकळीने सांगते, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

आता टॅग बाजूला ठेवून बोलते. टॅग आला म्हणून सवयी सोडल्या तर टॅग काय करणार. टॅग चावी शोधून देतो, चावी जागेवर ठेवत नाही. आमच्याकडे खरा फरक पडला तो खुंटीने. सुताराकडून सागवानी पट्टीचा तुकडा आणला, त्याला दोन पितळी हूक, आणि पट्टी लावली ती दाराच्या आत, चपला काढतो तिथं, बरोबर सासूबाईंच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. यांना टीव्हीजवळ लावायची होती पण मी नाही म्हटलं, कारण चावी हातात असते तेव्हाच खुंटी समोर पाहिजे, चार पावलं पुढं गेलं की चावी फ्रीजवर जाणार हे ठरलेलं. अजून एक, खिडकीच्या गजातून काठी घालून पोचेल अशा जागी खुंटी नको. जुन्या घरात खिडक्या रस्त्याला लागून असतात, हे बघाच.

आणि बोलायची सवय. शेवटचा जो कुलूप लावेल त्याने घरच्या ग्रुपवर फक्त "चावी माझ्याकडे" एवढं टाकायचं. सासूबाई टाइप करत नाहीत, त्या व्हॉइस मेसेज टाकतात. यात खर्च शून्य आणि खरं सांगते, टॅगपेक्षा हेच जास्त कामाला येतं, कारण मॅप चावी कुठं आहे ते दाखवतो, ग्रुप कोणाकडे आहे ते सांगतो, आणि आपल्याला फोन माणसाला करायचा असतो.

तिसरी चावी करून घेतली ती शेजारच्या काकूंकडे. चावीवाल्याकडे मी रोजची वापरातली चावी घेऊन गेले तर त्याने हातात घेऊन उजेडात फिरवली, दात्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, ही झिजलीय, हिच्यावरून नको काढायला. कुलपाबरोबर आलेली दुसरी असेल ना, ती आणा." बरोबर आहे त्याचं. झिजलेल्या चावीवरून काढली की झीज पण उतरते, आणि त्या डुप्लिकेटवरून अजून एक काढली की फरक वाढत जातो, मग चावी आत जाते पण फिरत नाही. त्याने मशीनवर काढून वर कानस मारून दिली आणि म्हणाला आधी दार उघडं असताना कुलूप लावून-उघडून बघा. आपण थेट बाहेरून कुलूप लावून बघतो, तिथंच अडकतो. साध्या चावीचं काम लगेच होतं, खळगे असलेली कॉम्प्युटर चावी असेल तर तिचं मशीन वेगळं लागतं, सगळ्यांकडे नसतं, आधी विचारून जा.

काकूंकडची चावी कुणाची आहे ते कळावं म्हणून लेकीने त्यावर पत्ता लिहून कागद चिकटवला होता तो मी काढला. चावीवर नाव-पत्ता कधीच नको, सापडणाऱ्याला घरच दाखवून दिल्यासारखं होतं. नुसती लाल नाडी बांधली, काकूंना कळलं म्हणजे झालं. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चौकटीवर चावी ठेवणं पण बंद करा, चोर पहिलं तिथंच हात घालतो.

पावसाचं विचारतील म्हणून. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमधे चावी रेनकोटच्या खिशात भिजतेच. टॅग घेताना आयपी ६७ लिहिलंय का बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतो. माझा पावसाळ्यात व्यवस्थित राहिला, कुलूपच जास्त कुरकुरलं. कुलपात खोबरेल तेल घालू नका, त्याला धूळ चिकटून आत लगदा होतो. ग्रॅफाइटची पावडर मिळते ती घाला, नाहीतर पेन्सिलचं शिसं चावीच्या दात्यांवर घासून चार वेळा फिरवा, चावी सरळ फिरायला लागते.

टॅगमधला सेल सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात कुठंही मिळतो, साधारण वर्षभर जातो म्हणतात. पण घरात लहान पोर असेल तर फार जपा. हा बटनासारखा सेल पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजायला लागतं, घरी वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना. काही सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू थर देतात, चांगलं आहे, फक्त एअरटॅगमधे तसे सेल कधीकधी चालत नाहीत असं ॲपलनेच सांगितलंय.

टॅगची मला न आवडलेली गोष्ट म्हणजे कडी अडकवायचं भोक. फार बारीक आहे, आमच्या कुलपाच्या जाड चावीची कडी त्यात जातच नाही, वेगळी पातळ कडी घ्यावी लागली आणि ती वाकते. दोन स्टार कापायचे तर एक याच्यासाठी आणि एक आवाजासाठी. पाचपैकी तीन.

शाहूपुरी-गोडोलीकडे फ्लॅटमधे राहणाऱ्यांना, ज्यांच्या दाराला ओढलं की बंद होणारं लॅच आहे, त्यांना टॅग घ्या असं मी सांगणार नाही. त्यांची चावी हरवत नाही, आत राहते, आणि टॅग आतूनच वाजत बसतो. बऱ्याच लॅचला आतून एक छोटा खटका असतो तो सरकवून ठेवला की दार आपोआप लागत नाही, कचरा टाकायला जाताना तेवढं करा, आणि डुप्लिकेट शेजारी. आमच्या कुलपाचं बरं आहे, चावी फिरवल्याशिवाय ते लागतच नाही, म्हणजे चावी आत विसरून बाहेर कुलूप लावणं शक्यच नाही. नवीन कुलूप घ्यायचं असेल तर दुकानदाराला हेच विचारा, दाबून लागतं का चावीने लागतं.

गावच्या घराच्या चावीला टॅग लावायचा का असं भाऊजी विचारत होते, मी नको म्हटलं. तिथं एकच चावी, ती चुलत सासूबाईंच्या कमरेच्या छल्ल्याला असते आणि त्या गाव सोडून कुठं जात नाहीत.