पॉली-फिल्टर : टँकमधलं पितळ उघडं पाडणारा पॅड

समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा-कोरलचा टँक असेल, तर पॉली-फिल्टर, म्हणजे पाण्यातली घाण आणि धातू ओढून घेणारा आणि त्यानुसार रंग बदलणारा हा पॅड, घरात ठेवाच, एवढं आधीच सांगून टाकते. फक्त तो कशासाठी ठेवायचा यात लोकांचा फार घोळ असतो, टँकमध्ये काहीतरी धातूचं पडलं की औषध आणल्यासारखा आणतात, टाकतात आणि निवांत होतात. माझ्या मते हा पॅड औषध कमी आणि चहाडखोर जास्त आहे, आणि त्याची खरी किंमत त्यातच आहे.

आमच्याकडे झालं असं की लाइट टांगायच्या किटमधला एक बारका नट कधीतरी सुटून रॉकच्या मागे जाऊन पडला. वरून क्रोमचं चकचकीत पॉलिश, त्यामुळे कोणीही स्टीलच समजेल, पण आतून पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि मिठाच्या पाण्यात पॉलिशला जरा कुठे खरचटलं की तिथून आतलं विरघळायला सुरुवात. गोगलगायी काचेवरून टपाटप गळायला लागल्या, उलट्या पडल्या की पुन्हा सरळ व्हायची ताकद नाही, क्लीनर श्रिंप कात टाकता टाकता गेली, कोरल दिवसभर मिटलेले. आणि मासे? ठणठणीत, खायला घातलं की तुटून पडतायत. मासे मजेत आणि बिनकण्याचे प्राणी मरगळलेले असं दिसलं की तांब्याचा संशय घ्यायचा, कारण माशांना जेवढं तांबं सहन होतं त्याच्या कितीतरी कमीत ही मंडळी आटोपतात.

आता रंगावरून पाण्यातलं तांबं मोजायच्या टेस्ट किटचं बघा. खऱ्या समुद्राच्या पाण्यात तांबं एक पीपीबीपेक्षाही कमी असतं, म्हणजे अब्जात एक भागसुद्धा नाही. माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात तेव्हा साध्या आयनिक (तांबं पाण्यात मोकळं सोडणाऱ्या) औषधाची पातळी साधारण ०.१५ ते ०.२० पीपीएम (दशलक्षात भाग, म्हणजे १५० ते २०० पीपीबी) ठेवतात, आणि त्यात श्रिंप, गोगलगाय, कोरल काही टिकत नाही. आणि काही साध्या किटमध्ये शून्यानंतरचा पहिला रंगच ०.२५ पीपीएमचा! म्हणजे किटने हो म्हणेपर्यंत वरातीमागून घोडं. किट शून्य दाखवतंय म्हणून खूश होऊन बसलेले लोक मी बघितलेत, त्यांना काय बोलणार.

पॅडचा उपयोग इथे आहे. पांढरा, जाडसर, स्पंजसारखा असतो, कात्रीने हवा तसा कापता येतो. मी एक पट्टी कापून सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) अशी अडकवली की पाणी बाजूने न जाता तिच्या आरपारच गेलं पाहिजे, हे फार महत्त्वाचं, नुसता तरंगत सोडला तर अर्धं काम वाया. पाणी जिथून आत शिरतं त्या बाजूला आधी फिकट पिवळट झाली, ते नेहमीचंच, टँकमधली सेंद्रिय घाण. मग कडेने निळसर झाक यायला लागली, शेवाळी हिरवट नव्हे, मोरचुदाच्या खड्यासारखी निळी. पट्टी मधून कापून बघितली तर निळा रंग आतपर्यंत उतरलेला. तांबं असलं की हा पॅड निळा होतो. तोपर्यंत मी क्षारता, मीठ, तापमान सगळं मोजून थकले होते, मग एकदाचा रॉक हलवला आणि तो नट सापडला, एका बाजूचं पॉलिश उडालेलं आणि तिथे हिरवा कळकट थर.

आधी चुंबक फिरवून झालं होतं बरं का. पण चुंबकाला लोखंड चिकटतं, पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, शिसं यातलं काहीही चिकटत नाही, ३०४ आणि ३१६ स्टीलही जवळजवळ नाहीच. म्हणजे सगळ्यात घातक वस्तू चुंबक सोडून देतं आणि लोखंडी स्क्रू, जो त्यामानाने गरीब, तो पकडून आणतं. लोखंड गंजतं, तपकिरी डाग दिसतात, लोक घाबरतात, पण समुद्री पाण्यात ते लवकर गंजाच्या रूपात खाली बसतं, फार तर शेवाळाचं फावतं. काढायचा तोही, पण रात्रीची झोप घालवायचं कारण नाही. उलट काच घासायच्या मॅग्नेटचं प्लास्टिक तडकलं असेल तर ते ताबडतोब बदला, आतल्या चुंबकावर बहुधा निकेल आणि तांब्याचा मुलामा असतो.

आता पॅडच्या मर्यादा. एक, वस्तू आत असेपर्यंत कितीही पॅड टाका, भोक असलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखंच. आधी वस्तू काढा, प्लास्टिकच्या चिमट्याने, मग मोठं पाणी बदला, मग पॅड. दोन, टँक घाणेरडा असेल तर पॅड इतका तपकिरी होतो की निळा रंग त्याखाली गडप, म्हणून आधी कार्बन आणि फ्लॉस लावून पाणी जरा साफ करून घ्या. आणि तांबं रॉकमध्ये, वाळूत जाऊन बसतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे पहिली पट्टी काढून विषय संपत नाही. मी पट्ट्या बदलत गेले, निळा रंग प्रत्येक वेळी फिकट होत गेला, आणि पट्टी नुसतीच पिवळट निघायला लागली तेव्हाच नवीन गोगलगायी सोडल्या. किती पीपीबी उरलं हे आकड्यात हवं असेल तर पाणी लॅबला पाठवून आयसीपी टेस्टच (अगदी बारीक प्रमाणातले धातू मोजणारी चाचणी) करावी लागते, पॅड आकडा सांगत नाही.

कप्रीसॉर्बशी तुलना नेहमी विचारतात म्हणून सांगते. ते बारीक दाण्यांचं रेझिन, जाळीच्या पिशवीत घालून वापरायचं, तांबं ओढायला जोरदार, आणि आम्लात धुऊन पुन्हा वापरता येतं. पॅड एकदा भरला की कचऱ्यात. नक्की तांबंच आहे हे कळलंय आणि महिनोन्महिने ओढत बसायचंय तर रेझिन घ्या. नुसता संशय असेल, काय बिघडलंय तेच कळत नसेल, तर पॅड.

आणि हो, नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवायच्या क्वारंटाइन टँकमध्ये माशांना तांब्याचं औषध चालू असेल तर हा पॅड तिथून काढून ठेवा, नाहीतर औषधच ओढून घेईल आणि तुम्ही डोस मोजत बसाल.