काटा ‘फुल’वर, टाकी कोरडी

किनारा दिसत होता, पण वल्ही मारून गाठता येईल इतका जवळ नव्हता. इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. पॅनेलवरचा पेट्रोलचा काटा ‘फुल’च्याही जरा पुढे टेकलेला होता, त्यामुळे पेट्रोल संपलं असेल ही शंकाच मनात आली नाही. प्लग बघितले, किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची) दोरी बघितली, फिल्टर बघितला. शेवटी भाच्याने प्रायमर बल्ब, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणारा नळीवरचा रबरी फुगा, दाबायला घेतला. कितीही दाबला तरी तो घट्ट होईना. माझ्या बोटीत फिलरची नळी सरळ टाकीत उतरते, म्हणून त्यातून लाकडी काठी आत सोडली. ती तळाला टेकली आणि कोरडीच वर आली.

वारा आम्हाला बाहेर ढकलत होता. नांगर टाकला आणि दोन तास हात हलवत बसलो, तेव्हा एका होडीने ओढून आणलं. भाचा सोळा वर्षांचा आहे. तो घाबरला होता आणि मला दाखवत नव्हता. हे सगळं लिहायला बसलोय ते त्याचा तो चेहरा आठवतो म्हणून.

जेमतेम आठवड्यापूर्वी हाच गेज, म्हणजे पेट्रोलचा काटा, मी दुरुस्त करून घेतला होता.

बोट वीस वर्षांहून जुनी आहे. मागे आउटबोर्ड इंजिन, फळीखाली साठ लिटरची पक्की टाकी. तक्रार एवढीच होती की काटा मधूनच शून्यावर पडायचा आणि परत वर यायचा. लाट आदळली की पडायचा, बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) सुरू केला की पडायचा. ही दुसरी गोष्ट मी मेकॅनिकला मुद्दाम सांगितली होती. ज्याला काम येतं त्याला तेवढ्यावरून दुखणं कळायला हवं होतं, आणि त्याला ते कळलंही होतं, असं मला आज खात्रीने वाटतं.

त्याने फळी उचलली, आत बघितलं आणि म्हणाला, “सेंडर जळालाय. गेजही गेलाय. असंच चालवत राहिलात तर एखाद्या दिवशी टाकीत ठिणगी पडेल.” सेंडर म्हणजे टाकीत बसून पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग. मल्टीमीटर त्याने पेटीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता. पण टाकी, पेट्रोल आणि ठिणगी हे शब्द एका वाक्यात आले की माणूस पुढचं काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी बोट मिळाली. बिलात तीन गोष्टी होत्या: नवा सेंडर, नवा गेज आणि टाकी फुल भरल्याचं पेट्रोल. सेंडर बदलायला टाकी रिकामी करावी लागली म्हणून परत भरून दिली, असं तो म्हणाला. चावी फिरवली तर काटा ‘फुल’ला लागून उभा. जळालेला सेंडर म्हणून एक गंजका तुकडाही त्याने पुरावा म्हणून माझ्या हातात ठेवला. मी आभार मानून पैसे दिले.

पुढचं समजण्यासाठी हा गेज चालतो कसा ते माहीत हवं. टाकीच्या वरच्या झाकणावर सेंडर बसतो. त्याच्या दांडीला फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा, असतो. पेट्रोल वरखाली झालं की फ्लोट हलतो आणि सेंडरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो. तो रेझिस्टन्स वाचून गेज काटा हलवतो. याची दोन मापं सर्रास मिळतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. युरोपियन पद्धतीत बरोबर उलटं, रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८०. गेज आणि सेंडर एकाच मापाचे असावे लागतात.

बोट ओढून आणल्यावर दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन बसलो. कोरड्या टाकीवर नवा सेंडर ११ ओहम दाखवत होता, म्हणजे तो युरोपियन. मग पॅनेल सोडवून मागून गेज बघितला. मागच्या नटांवर वर्षानुवर्षांचं खारं हिरवं कीट जसंच्या तसं होतं. त्याला कुणी पाना लावलेलाच नव्हता. बिलातला नवा गेज हा माझा जुनाच अमेरिकन मापाचा गेज होता, काच तेवढी पुसलेली. या जोडीत टाकी जितकी रिकामी, तितका काटा ‘फुल’कडे जाणार. त्या दिवशी जाताना काटा किंचित वर सरकलेला मला दिसला होता. लाटांमुळे असेल म्हणून मी सोडून दिलं. खरं म्हणजे पेट्रोल कमी होत होतं आणि काटा ते उलट सांगत होता.

पेट्रोलची चोरी तर उघड आहे. नेहमीच्या खपावरून हिशेब केला तर बोट माझ्या हाती आली तेव्हा टाकीत जेमतेम दहा-बारा लिटर असणार. नेऊन दिली तेव्हा निम्मी टाकी होती. आणि सेंडर वरून बसतो, टाकी काठोकाठ भरलेली नसेल तर तो काढायला ती रिकामी करावी लागत नाही. तो पुराव्याचा गंजका सेंडरही मोजला. नुसती उभी दांडीच तीस सेंटीमीटरची. माझी टाकी पंचवीस सेंटीमीटर खोल आहे. तो सेंडर माझ्या बोटीत कधी बसलेला असूच शकत नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. टाकीशेजारच्या सांदीत हात घातला तेव्हा वीतभर काळ्या वायरचा तुकडा सापडला. टोकाचं थिंबल (वायर स्क्रूला जोडायचं धातूचं कडं) हिरवं पडून भुगा झालेलं. आणि सेंडरच्या फ्लँजवरून (टाकीवर बसणाऱ्या त्याच्या चकतीवरून) निघालेली निगेटिव्हची वायर नवी होती, नव्या थिंबलसकट. म्हणजे खरा दोष त्याला सापडला होता, आणि त्याने तो दुरुस्तही केला होता. कुजलेल्या जोडामुळे रेझिस्टन्स वाढायचा, आणि अमेरिकन मापाच्या गेजला जास्त रेझिस्टन्स म्हणजे कमी पेट्रोल. पंप सुरू झाला की त्याच निगेटिव्हवर ताण यायचा आणि काटा अजून पडायचा. वीतभर वायर बदलली तिथेच काम संपलं होतं. बिलात मात्र त्या वायरचा उल्लेख नाही. माझा चांगला सेंडर काढून नेला आणि चुकीचा बसवला, तो नसलेल्या कामाचे पैसे लावण्यासाठी.

जाब विचारायला गेलो. “जुन्या बोटीत असं होतंच,” म्हणाला. वायरचा तुकडा आणि मीटरचे आकडे समोर ठेवल्यावर पेट्रोलचे पैसे परत केले. सेंडर मिळाला नाही.

तुमचा काटा असा वागत असेल तर कुणाच्या हाती बोट देण्याआधी पाच मिनिटं स्वतः द्या. गेजच्या मागे तीन टोकं असतात. ‘आय’वर चावीतून येणारा बारा व्होल्ट, ‘जी’वर निगेटिव्ह, ‘एस’वर सेंडरची वायर (बहुतेक बोटींत ती गुलाबी असते). चावी चालू करून ‘एस’ची वायर काढा, अमेरिकन गेज रिकामी टाकी दाखवेल. मग ‘एस’ आणि ‘जी’ वायरच्या तुकड्याने जोडा, काटा ‘फुल’वर जाईल. युरोपियन गेज असेल तर दोन्ही उलट. काटा असा दोन्ही टोकांना गेला की गेज ठीक आहे, तो बदलायचा नाही. ‘आय’ला मात्र हा तुकडा लागू देऊ नका. ही तपासणी पॅनेलपाशीच करायची, टाकीपाशी अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फळीखाली साचून राहते आणि तिथे एक ठिणगी पुरे होते. टाकीजवळ जायचं तर आधी फळ्या उघडून हवा खेळू द्या, ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) असेल तर चालवा, बॅटरी सोडवा, आणि मगच सेंडरच्या स्टडवरची (मधल्या स्क्रूवरची) वायर काढून स्टड आणि फ्लँजमधला रेझिस्टन्स मोजा. फ्लँजपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतही मोजा. तिथे एक ओहमहून जास्त आलं तर आधी ती वायर बदला.

दुरुस्तीला दिलीच, तर काढलेला भाग आधी फोटोत आणि नंतर हातात घ्या, आणि सेंडरचं माप बिलावर लिहून मागा. पेट्रोल भरल्याचं कुणी सांगितलं तर काठी घालून बघा. माझ्यासारखं काट्यावर विसंबू नका.

आता योग्य मापाचा सेंडर आणून मीच बसवलाय. टाकी भरल्यावर मीटरने ३४ ओहम दाखवले. रिकामी टाकी पाच-पाच लिटरने भरत त्या काठीवर खुणा केल्यात, कारण टाकीचा तळ निमुळता आहे आणि अर्ध्या उंचीला अर्धं पेट्रोल नसतं. भाचा परवा पुन्हा बोटीवर आला. निघण्याआधी काठी त्यानेच घातली, खूण मोठ्याने वाचली, आणि मग दोरी सोडली.