रेशनचं ई-पॉस मशीन: काउंटरच्या आतून रिव्ह्यू

मी रेशन दुकानात मापाला असतो, सो हा रिव्ह्यू आतल्या माणसाचा समजा. मशीन चांगलंय, खरंच. अंगठा लावला की कार्डावर किती माणसं, किती धान्य बाकी सगळं दिसतं आणि पावती निघते, ती मागून घ्याच आणि वजन ताडून बघा. प्राधान्य कार्डाला माणशी 5 किलो, अंत्योदयला (म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या कार्डाला) कार्डामागे 35 किलो, जानेवारी 2023 पासून त्याला पैसे लागत नाहीत. पोर्टेबिलिटी तर बेस्टच, बीडकडचे ऊसतोड कामगार कोल्हापूरकडे आले तरी त्यांचं धान्य इथंच घेता येतं.

वाईट काय तर सर्व्हर. ऐन गर्दीत बंद पडतो आणि बाया अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून उभ्या राहतात, आणि गवंडीकाम, धुणीभांडी करणाऱ्यांचे अंगठे इतके झिजलेले की मशीन घेतच नाही, म्हणजे ज्यांना जास्त गरज त्यांचीच अडवणूक. ओटीपीची सोय आहे पण नंबर जुना, सिम कधीच बंद झालेलं, मग काय करायचं त्या मावशींनी?

आणि लोक बोलतात ना बाईकवर येऊन फुकटचं नेतात म्हणून, फार राग येतो. अहो ती बाईक हप्त्यावरची, त्यावरच तो पोरगा डिलिव्हरी करतो. ओळखीचं कोणी दिसलं की पिशवी पदराआड घेणाऱ्या बाया मी बघतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे तो त्यांचा, ताठ मानेने घ्या ताई.

5 पैकी 3 स्टार, सर्व्हर सुधारला तर 4.