ई = एमसी² चा भिंतीवरचा तक्ता: डावी बाजू शंभर नंबरी, उजव्या बाजूवर मी कागद चिकटवलाय

५ पैकी साडेतीन स्टार. तीन महिने झाले घेऊन, पण मुलांसमोर वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून आता लिहितेय. मी साताऱ्याजवळच्या एका गावात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, प्रयोगशाळेची भिंत ओल धरून खराब झाली होती ती रंगवून घेतली आणि जुने तक्ते फाटलेच होते म्हणून ऑनलाइन नवे मागवले. त्यातला हा एक, वस्तुमान आणि ऊर्जा यांचा, दोन बाय तीन फुटी, मराठीत, लॅमिनेशन केलेला, साडेचारशे रुपये. पाचव्या दिवशी आला, प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून, कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. पॅकिंगला पैकीच्या पैकी मार्क.

आधी चूक सांगते कारण ती वरच आहे. सगळ्यात मोठ्या अक्षरात जे समीकरण छापलंय (ई म्हणजे ऊर्जा, एम वस्तुमान, सी प्रकाशाचा वेग) त्यात वर्गाचा २ वर चढवलेलाच नाही, तो सी च्या शेजारी सरळ ओळीत बसलाय, त्याच उंचीचा. आपल्याला माहितीये म्हणून आपण बरोबर वाचतो, पण नववीतल्या एका मुलीनं वहीत सी गुणिले २ करून ६० कोटी आकडा काढला आणि ती मला दाखवायला आली, तिची काय चूक, तक्त्यावर तसंच तर आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याचा वर्ग म्हणजे ९ वर १६ शून्यं, आणि हे ९ वर १६ शून्यं हेच तर त्या समीकरणाचं सगळं वजन आहे, तिथेच छपाई घसरली तर कसं चालेल. दुकानदाराला फोटो पाठवला, त्यांनी लगेच मान्य केलं आणि पुढच्या छपाईत दुरुस्त करतो म्हणाले. मी मार्करनं छोटा २ वर काढून घेतलाय.

आता डावी बाजू. हिच्यासाठीच हे सगळं लिहितेय. हे समीकरण मुळात आलं कुठून हे मराठीत एवढं सरळ मांडलेलं मी तरी तक्त्यावर कधी बघितलं नव्हतं, बहुतेक ठिकाणी आइन्स्टाइनचा केस पिंजारलेला फोटो आणि खाली समीकरण एवढंच असतं, जणू ते त्यांना झोपेत सुचलं. इथे १९०५ सालचा मूळ युक्तिवाद चार चित्रांत काढलाय. मी तो फळ्यावर आकडे घेऊन केला तो सांगते, म्हणजे तक्ता काय दर्जाचा आहे ते कळेल.

पहिल्या चित्रात एक ठोकळा जागेवर स्थिर आहे आणि त्यातून प्रकाशाचे दोन सारखे झोत एकाच वेळी निघतात, एक डावीकडे एक उजवीकडे. समजा प्रत्येकात ५० ऊर्जा, म्हणजे ठोकळ्यानं एकूण १०० गमावली. दोन्ही बाजूंनी सारखाच धक्का बसला म्हणून ठोकळा हलला नाही. दुसऱ्या चित्रात हाच प्रसंग धावत्या गाडीतून बघणारा माणूस आहे. गाडी प्रकाशवेगाच्या ६० टक्के वेगानं चाललीये असं धरलं तर त्या माणसाला एका झोताची ऊर्जा दुप्पट दिसते, म्हणजे १००, आणि दुसऱ्याची निम्मी, म्हणजे २५. रुग्णवाहिका जवळ येताना भोंगा चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो त्याच्याच जातीची ही गोष्ट. बेरीज १२५. जमिनीवरच्या हिशोबात ठोकळ्यानं १०० गमावली आणि गाडीतल्या हिशोबात १२५.

इथे वर्गात गडबड झाली. "मॅडम, मग ते जास्तीचे २५ कुठून आले?" हाच प्रश्न तिसऱ्या चित्रात आहे. गाडीतल्या माणसाच्या दृष्टीनं ठोकळा धावतोय, त्याला गतिज ऊर्जा आहे, जमिनीवरच्या माणसाच्या दृष्टीनं ती नाही. दोन हिशोबांत फरक असायला ठोकळ्याजवळ एवढं एकच खातं आहे, तर जास्तीचे २५ गतिज ऊर्जेतूनच गेले असणार. पण गतिज ऊर्जा कमी झाली म्हणजे ठोकळ्याचा वेग कमी झाला का? नाही ना, तो तर जमिनीवर जागचा हललाच नाही, म्हणजे गाडीतून त्याचा वेग आधी होता तेवढाच आत्ताही दिसतोय. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, वेग तोच, आणि उत्तर मात्र घटलं. मग घटलं काय असेल? मागच्या बाकावरून दोन पोरं एकदम ओरडली, वस्तुमान! एवढ्या वर्षांत हा धडा शिकवताना वर्गात इतकी जिवंत शांतता आणि मग इतका आवाज मी अनुभवला नव्हता, आणि याचं श्रेय त्या तिसऱ्या चित्राला आहे, कारण त्यात वेगाचे दोन बाण मुद्दाम एकाखाली एक, अगदी सारख्या लांबीचे काढलेत. ज्यानं ते काढलं त्याला विषय आतून कळलेला आहे.

चौथ्या चित्रात राहिलेलं गणित. १०० चे १२५ होतात तो १.२५ हा गुणक म्हणजे गॅमा. वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाचा वर्ग हे १ मधून वजा करायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्यानं १ ला भागायचं. वेग कमी असेल तर गॅमातून १ वजा केल्यावर, म्हणजे फक्त जास्तीचा वाटा घेतल्यावर, जवळजवळ अर्धा गुणिले वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाचा वर्ग एवढंच उरतं. तक्त्यावर छोटं कोष्टक आहे, प्रकाशवेगाच्या दहाव्या भागाला खरा आकडा ०.००५०४ आणि सोप्या सूत्राचा ०.००५००, बघा किती जवळ. आणि ६० टक्क्यांना ०.२५ आणि ०.१८, म्हणजे तिथे सोपं सूत्र चालत नाही, हेही प्रामाणिकपणे छापलंय, त्यामुळे माझं फळ्यावरचं ६० टक्क्यांचं उदाहरण फक्त कल्पना समजायला आणि शेवटची पायरी कमी वेगावर करायची हे मुलांना नीट सांगता आलं. आता गेलेली गतिज ऊर्जा अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्याशेजारी ठेवून ताडून बघितली की वस्तुमानाच्या जागी बाहेर पडलेली ऊर्जा भागिले प्रकाशवेगाचा वर्ग बसते. संपलं! नवीन काही गृहीत धरावं लागत नाही, प्रकाशाच्या ऊर्जेचा हिशोब दोन ठिकाणांहून मांडला आणि तो जुळवला.

आणि एक तपशील बघून मला फार बरं वाटलं. खाली बारीक अक्षरात दिलंय की आइन्स्टाइननी त्या लेखात ई = एमसी² असं लिहिलेलंच नाही. ऊर्जेला एल, प्रकाशवेगाला व्ही, आणि वाक्य असं की वस्तू किरणांच्या रूपात एल एवढी ऊर्जा देत असेल तर तिचं वस्तुमान एल भागिले व्ही वर्ग एवढं घटतं. लेख तीन पानी, सप्टेंबर १९०५ मध्ये मासिकाकडे पोचलेला, आणि त्याचं शीर्षकच एक प्रश्न आहे, वस्तूचं जडत्व तिच्यातल्या ऊर्जेवर अवलंबून असतं का? २६ वर्षांचा, बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करणारा माणूस प्रश्न विचारतोय आणि शेवटी म्हणतोय की सतत किरण सोडणाऱ्या रेडियमच्या क्षारांवर हे कदाचित तपासून बघता येईल. मुलांना हे सांगितलंच पाहिजे.

आता उजवी बाजू, आणि दीड स्टार इथेच गेलाय. अर्ध्या जागेत अणुस्फोटाचा ढग, त्यावर लाल अक्षरात "वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर", खाली १ ग्रॅम म्हणजे २.५ कोटी युनिट वीज. आकडा बरोबर आहे, महिन्याला अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराला ती ८ हजार वर्षं पुरेल. पण चित्र आणि वाक्य मिळून मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की हे समीकरण म्हणजे बॉम्ब, आणि ते फक्त अणूच्या पोटात लागू होतं. डाव्या बाजूच्या ठोकळ्यात कुठे अणू होता? साधा प्रकाश बाहेर पडला होता. म्हणजे तक्त्याची एक बाजू जे शिकवते ते दुसरी पुसून टाकते, आणि याचा मला खरंच त्रास झाला कारण हा गैरसमज बारावी झालेल्या, इंजिनिअर झालेल्या लोकांमध्येही असतो.

घरातली गॅसची टाकी घ्या. १४.२ किलो गॅस पूर्ण जळला, त्यातून निघालेला सगळा वायू, सगळी वाफ गोळा करून, त्यासाठी वापरलेल्या हवेसकट वजन केलं, तर आधीपेक्षा साधारण ७ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) कमी भरेल. एवढं मोजायला कुठला काटा आणणार म्हणून रसायनशास्त्रात आपण वस्तुमान अक्षय्य म्हणतो आणि ते चालून जातं. उलट १ लिटर पाणी चहासाठी २५ वरून ९५ अंशांवर नेलं तर ते सुमारे ३ नॅनोग्रॅमनं (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) जड होतं. अणुगर्भात नियम वेगळा नाही, बांधणी घट्ट असते म्हणून फरक मोठा पडतो, तरी युरेनियमचं केंद्रक फुटताना वस्तुमानाचा हजारातला एक भागसुद्धा पुरा जात नाही. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमध्ये सगळा मिळून सुमारे ०.७ ग्रॅमचा फरक होता. आणि तिथेही प्रोटॉन न्यूट्रॉन गायब झाले नाहीत, त्यांची एकूण संख्या होती तेवढीच राहिली, बदलली ती त्यांना धरून ठेवणारी बांधणी.

"रूपांतर" या शब्दाबद्दलच माझं म्हणणं आहे. गॅसची टाकी, शेगडी, हवा सगळं एका अशा पेटीत बंद केलं की ज्यातून उष्णताही बाहेर जात नाही, आणि आत गॅस जाळला, तर पेटीचं वजन तसूभरही बदलणार नाही. कारण उष्णतेलाही तिच्या वाट्याचं वस्तुमान आहेच. पेटी उघडून उष्णता जाऊ दिली की मग ते ७ मायक्रोग्रॅम जातात. एक संपून दुसरं तयार होतं असं नाही, वस्तू स्थिर असताना तिच्यात जेवढी ऊर्जा साठलीये तिचंच माप म्हणजे वस्तुमान. तुमच्या माझ्या शरीराचं वजन ज्या प्रोटॉन न्यूट्रॉनमुळे आहे त्यांच्या वस्तुमानात आतल्या क्वार्क्सचं, म्हणजे ते ज्या बारीक कणांचे बनलेत त्यांचं, स्वतःचं वस्तुमान १ टक्क्याच्या आसपासच आहे, बाकी सगळं त्यांच्या हालचालीची आणि त्यांना बांधणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा. हे छापलं असतं ना त्या ढगाच्या जागी, तर मुलं तासभर तिथून हलली नसती.

तळाला इतिहासाची पट्टी आहे, ती १९०५ वरून थेट १९४५ वर, अणुबॉम्बवर, उडी मारते. १८८१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ थॉमसन यांनी विद्युतभारित गोळ्याचं जडत्व वाढतं हे दाखवलं होतं, १९०० मध्ये फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांनी प्रकाशाच्या ऊर्जेला ई भागिले सी वर्ग एवढं वस्तुमान जोडून बघितलं होतं, ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ हासेनोर्ल १९०४ मध्ये किरणांनी भरलेल्या पोकळ पेटीचं गणित करत होते आणि त्यांच्या उत्तरात ४/३ चा जादा गुणक शिल्लक राहिला. म्हणजे चाहूल बऱ्याच जणांना लागली होती, पण ती प्रकाश आणि विजेपुरती होती, कुठल्याही ऊर्जेला, कुठल्याही वस्तूला हे लागू आहे असं आइन्स्टाइननी म्हटलं. आणि १९३२ तर हवंच होतं! केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या शास्त्रज्ञांनी लिथियमवर प्रोटॉन आदळवले आणि हेलियमची दोन केंद्रकं मिळाली. अणूंचं वस्तुमान मोजायच्या एककात लिथियम ७.०१६०, हायड्रोजन १.००७८, बेरीज ८.०२३८, आणि दोन हेलियम मिळून ८.००५२. कमी पडलेले ०.०१८६ हे त्या दोन केंद्रकांच्या वेगात सापडले, १७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) आसपास. दहावीचं पोर वजाबाकी करून पडताळू शकतं असा पुरावा सोडून दिलाय.

बाकी किरकोळ. लॅमिनेशन चकचकीत आहे, ट्यूबलाइटचा पट्टा नेमका समीकरणावर पडतो, खिडकीसमोर लावू नका. अक्षरं तिसऱ्या बाकापर्यंत वाचता येतात, त्यामागे नाही, तिसऱ्या चित्रासाठी मुलांना उठवून जवळच आणावं लागतं. शाई तीन महिन्यांत फिकी झालेली नाही.

घ्यावा का, तर आठवीच्या वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी जरूर घ्या, फक्त डाव्या बाजूसाठीसुद्धा साडेचारशे वसूल आहेत. नुसता शोभेला लावणार असाल तर नको, कारण लांबून ढगच दिसतो. आमच्याकडे त्या ढगावर आता पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवलाय, त्यावर गॅसच्या टाकीचा हिशोब त्याच ६० कोटीवाल्या मुलीनं निळ्या स्केचपेननं लिहिलाय, ९ वर १६ शून्यं एक एक मोजून. दुकानदाराला त्याचाही फोटो पाठवलाय, नवी छपाई आली की मी इथेच खाली लिहीन. ऑर्डर करताना मॅट लॅमिनेशन मिळेल का ते आधी विचारा.